घडी होणारं झाड

डिसेंबर लागला तशी सून म्हणाली, "आई, यंदा नाताळाचं झाड प्लास्टिकचं आणू. त्याची घडी होते."

मी मेथी निवडत होते. मान वर न करता निवडतच राहिले.

पोरगा आमचा त्याच वर्षी पावसाळ्यात गेला होता. कावीळ झाली, औषधपाणी केलं, उतरली म्हणता म्हणता पोटात पाणी झालं आणि संपलं. तेव्हापासून नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, आणि ही तिशीही न गाठलेली सून. लेकरूबाळ नाही. मालक माझे कधीच गेलेले.

लोक म्हणायचे, बाई लई धीराच्या. कसला डोंबलाचा धीर! मला काही वाटतच नव्हतं. चर्चच्या मंडळीतल्या बायका येऊन गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत, गॅसवर दूध ठेवलंय का, याचा विचार करायचे. पाळकसाहेब प्रार्थना करायला आले, तर त्यांच्या बुटाला चिखल लागलाय एवढंच मला दिसलं. सुनेचंही तसंच. सकाळी उठायची, इंग्रजी शाळेत शिकवायला जायची, आल्यावर कपडे धुवायची. दोघींना एकमेकींसमोर रडणं जमलं नाही, आणि मग एकेकटीलाही जमलं नाही.

तिचं माहेर लातूरचं. दिवाळीच्या सुमाराला तिच्या भावाचा फोन आला. तिकडं डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरींची गल्लोगल्ली हॉस्टेलं. तसल्या एका हॉस्टेलवर रेक्टर पाहिजे होती. राहायला खोली, जेवण तिथंच, नवीन वर्षापासून ये म्हणून राहिलेत, असं तिनं मला सांगितलं. मी "बरं" म्हटलं. जाणार की नाही, हे तेव्हा ठरलं नाही. पण एक सांगते. सगळं अंग बधिर झालेलं असताना तेवढी एकच गोष्ट माझ्यात जिवंत होती: हिनं जाऊ नये. ही गेली तर या घरात मी भिंतींशी बोलू का?

म्हणून ते घडीचं ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घडी होते, म्हणजे पिशवीत बसतं. पिशवीत बसतं, म्हणजे लातूरला जातं, हॉस्टेलच्या खोलीत कोपऱ्यात मावतं. बाईनं जायचं नक्की केलंय आणि मला झाडाच्या आडून सांगून राहिली!

"आपल्या घरात कधी प्लास्टिक उभं राहिलंय का?" मी म्हटलं. "आणायचं तर खरं आणू. न्हाईतर काहीच नको."

"खरं कोण आणणार, आई?"

मी मेथी घेऊन आत गेले.

खरं झाड म्हणजे आमच्याकडं सुरूची फांदी. पोरगा शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. नायगावकडं एका म्हाताऱ्याच्या बांधावर सुरूची रांग होती. तिथली मोटार बघायला गेला असताना त्यानं ती हेरली, आणि मग दरसाल नाताळाच्या आधी तिथून एक फांदी आणायचा. मोटरसायकलला मागं बांधून यायचा, शेंडा रस्ता झाडत. तेलाच्या डब्यात माती भरून ती उभी करायची आणि वरून बर्फ म्हणून कापूस, तोही म्हाताऱ्याच्याच शेतातला, सरकी न काढलेला. सुरूच्या सुया महिनाभर घरभर सांडायच्या. सून झाडून झाडून बेजार. तो म्हणायचा, "राहू दे की. बर्फ वितळला की आपोआप वाहून जातील." मग ही झाडू घेऊन त्याच्या मागं लागायची.

मागं लागायची, हसायची. घरात आवाज होता तेव्हा.

शेजारच्या बाई बौद्ध. त्यांची बुद्धपौर्णिमेची खीर आमच्याकडं आणि आमच्या नाताळाच्या करंज्या त्यांच्याकडं, हे आमचं कित्येक वर्षांचं. यंदा आमच्याकडं करंज्या नव्हत्या, कारण माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत घरात कढई चढवायची नाही. पाळकसाहेब म्हणतात, असलं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. नसेल. पण आमच्या सासूबाईंनी पाळलं आणि आम्हीही पाळतो. तर त्या बाई डबाभर करंज्या घेऊन आल्या, बसल्या, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, झाड तर लावा. ते कुठं तळायचं असतं?" मला हसू यायला पाहिजे होतं. सून मात्र लगेच म्हणाली, "मी तेच म्हणते. चला आई, नुसतं बघून तर येऊ."

वजिराबादच्या बाजारात गेलो. दुकानभर हिरवी झाडं उभी, काहींवर पांढरा रंग मारलेला. दुकानदारानं एक फांदी वाकवून दाखवली, "मावशी, धुता पण येतं."

"धुऊन वाळत घालायला साडी हाय का ती?"

तो हसला. सून नाही हसली. ती एक लहान झाड उचलून त्याचं वजन बघत होती. मग दुकानदाराला म्हणाली, "याचा खोका केवढा होतो?" तिथं माझं डोकं सणकलं. खोका केवढा होतो, वर्षानुवर्षं टिकतं का, पाय मोडला तर दुसरा मिळतो का! म्हटलं, बाई गं, सरळ एसटीत बसून जा की, माझ्या तोंडावर सामान का मोजून राहिलीस? पण हे सगळं मनात. तोंडानं एवढंच म्हणाले, "माझे गुडघे दुखून राहिले, चल घरी." काही न घेता आलो.

नाताळाच्या आदल्या दिवशी ती कामानं बाहेर पडली तशी मी पायात चपला घातल्या आणि स्टँड गाठलं. तिला काही सांगितलं नाही. खरं झाड घरात आलं की हिला लातूर सुचायचं नाही, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आता सांगताना मलाच ते खुळ्यागत वाटतं, पण तेव्हा अगदी हुशारी वाटत होती.

म्हाताऱ्याचं शेत सापडायला वेळ लागला नाही, सुरूची रांग रस्त्यावरनंच दिसते. कापूस वेचणं चाललं होतं. म्हातारा बांधावर बसलेला. मी म्हटलं, "दरसाल एक फांदी घेऊन जातो बघा मोटारवाला, मी त्याची आई."

"आवो बाई, या, या! सांगत असतो की, आई मास्तरीण हाय म्हणून." त्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकून मला बसायला टाकला. "आन् तो कुठाय? यंदा तुम्हाला धाडलं?"

सांगायला मला जड नव्हतं. बँकेत, गॅसच्या दुकानात, सगळीकडं मीच सांगितलं होतं, न अडखळता, वर्गात धडा वाचावा तसं. इथंही तोंड उघडलं ते सांगायलाच.

"कामात हाय," मी म्हटलं.

"हाव, सीझन हाय नं मोटारीचा." म्हातारा उठला. स्वतः कोयता घेऊन गेला, चांगली भरदार फांदी निवडून तोडली, सुतळीनं बांधली. पिशवीत कापूस घातला. वर हरभऱ्याचे ढाळे उपटून दिले. "त्याला लई आवडतेत. मागल्या साली हितं बांधावर बसून खाल्ले त्यानं, मी म्हनलं, आरं घरी तर ने थोडे." मग मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "त्याला म्हणावं, मोटार पुन्हा आवाज करून राहिली. सवडीनं ये."

"सांगते," मी म्हटलं.

बस येईपर्यंत तिथं उभी होते. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आता पाय गळतील, रडू फुटेल. काही झालं नाही. फांदीच्या सुया दंडाला टोचत होत्या, तेवढं कळत होतं. या जगात एक माणूस असा आहे की त्याच्या लेखी माझा पोरगा अजून कामात आहे, आणि मी ते तसंच ठेवून आले, याचंही मला बरं किंवा वाईट वाटलं नाही.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, झाडाचं हाफ काढू का फुल?" मी म्हटलं, "तुझी बस झाडून द्यायला लागलंय ते, तूच पगार दे त्याला." मागच्या सीटवरची माणसं हसली. तोंडातून बाहेर पडतं आपलं सवयीनं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार ढकललं तर कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड उभं, वजिराबादच्या दुकानातलं तेच, आणि खाली त्याचा खोका. सून दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत बसलेली. तिनं फांदी बघितली आणि हातातली माळ तशीच राहिली.

"नायगावला गेल्ता?"

"मग काय."

"एकट्या? सांगायचं तरी, आई!"

"तू सांगितलंस का मला?" मी फांदी भिंतीला टेकवली. "नको म्हटलं तरी आणलंसच नं? ने. लातूरला घेऊन जा. हॉस्टेलच्या खोलीत बरं दिसंल."

ती माझ्याकडं बघतच राहिली. जणू मी तेलुगूत बोलले.

"मी कशाला नेऊ?" ती म्हणाली. "तुमच्यासाठी आणलंय. पुढच्या सालापासून फांदी कोण आणून देणार तुम्हाला? तुम्ही अशाच जाणार, ओढत आणणार, आणि गुडघे धरून बसणार. हे आपलं खोक्यातून काढलं की उभं राहतं. घडी घालून पलंगाखाली सारता येतं, माळ्यावर चढायला नको." मग जरा थांबून, "एकटीला जमतं," म्हणाली.

मी खाली बसले. दुकानातली तिची ती चौकशी, खोका केवढा, पाय मोडला तर काय, ती सगळी माझ्या गुडघ्यांची होती. जायचं तर तिनं नक्की केलं होतंच. त्यात माझं चुकलं नव्हतं. पण माझ्या मागं घरात काय काय अडेल हे ती एकेक करून बघत फिरली होती, आणि मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

तिनं ते झाड पाडलं, फांद्या मिटल्या, खोक्यात भरलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "आता तुम्ही लावा. मी हात लावणार न्हाई."

जन्मभर मी वर्गातल्या लेकरांना असंच म्हणत आले. खोक्यातून काढलं, पाय जोडले, दांडा खोचला. मधला तुकडा खाली लावला, तर ती म्हणाली, "तो वरचा, आई." पुन्हा काढून लावला. फांद्या एकेक करून उघडल्या. शेवटी उभं राहिलं ते, जरासं तिरकं.

"जमलं की," ती म्हणाली.

"नको जाऊस," मी म्हटलं.

कसं तोंडातून निघालं देव जाणे. दिवाळीपासून गिळून ठेवलेलं, असं झाडासमोर पडलं. तिनं मोकळा खोका मांडीवर घेतला, त्याची झाकणं उघडली, मिटली.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर न्हाई जात. भावाला सकाळी फोन करून नको म्हणून सांगते."

एवढंच. जे ऐकायला मी दिवाळीपासून टपून बसले होते ते मिळालं, मागितल्या मागितल्या. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. दूध संपलंय म्हणून सांगावं त्या आवाजात ती मला स्वतःचा जन्म देऊन मोकळी झाली होती. आणि तिनं तो दिलाही असता. मी मरेपर्यंत इथं राहिली असती, मला गोळ्या दिल्या असत्या, माझे पाय चेपले असते, आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नसतं. माझ्यासारखीच होऊन गेली असती. मला भीती वाटली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा मला कशाची तरी भीती वाटली.

"न्हाई," मी म्हटलं. "फोन करू नको. जा तू."

"आई, आत्ताच तर तुम्ही…"

"आत्ता म्हटलं ते मी माझ्यासाठी म्हटलं. जा म्हणून राहिले नं? आणि ऐक. तिकडं कुणी बरं माणूस भेटलं, तर मला विचारायला येऊ नको. नुसतं सांगायला ये."

तिनं खोका बाजूला ठेवला. उठून मोरीत गेली, नळ सोडला. नळ मोठा सोडला होता, तरी त्यातून मला ऐकू आलं. तोंड दाबून रडायचा प्रयत्न करत होती आणि ते दबत नव्हतं. ही माझी सून आणि हिला मी माझ्या हातानं घराबाहेर काढलं, हे तेव्हा मला समजलं, आणि मला बसल्या जागी भिंत धरावी लागली.