बेसवाल्याला नमस्कार

कानाचं यंत्र बसवून घरी आल्यावर दादाने सगळ्यांत आधी त्याच्या लाडक्या विलायती रॉक बँडची कॅसेट मागितली. ऐकू येईनासं झाल्यापासून त्याने गाणी लावणंच सोडलं होतं. वहिनीने टेप सुरू केला. दादा डोळे मिटून बसला.

“येतंय का ऐकू?” मी विचारलं.

“मागचा बेस गिटारवाला येतोय. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण त्याच्याच जिवावर बाकीचे गातात.”

एवढं बोलून त्याने स्पीकरला हात जोडले. तो वादक तर केव्हाच वारला. आपण कुणाकुणाची घरं सुरांनी भरून टाकली, हे अशा माणसांना कळतही नसेल. जन्मभर “आवाज कमी करा” म्हणत आलेली वहिनी उठली आणि तिने आवाज वाढवला.