कानाला लावलेला फोन

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. त्यामुळे फोनमधलं मला सगळं कळतं, अशी माझी आणि तमाम नातेवाइकांची पक्की समजूत. कुणाच्या घरी रिंग वाजेना की मला निरोप. पंचवटीपासून सातपूरपर्यंत खांबांवर चढून चढून गुडघे गेले, पण अक्कल काही वाढली नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एकदा ट्रेनिंगला एक तरुण साहेब आले होते. म्हणाले, पुढेमागे फोनवर माणूस दिसेलसुद्धा. मी मागच्या बाकावरून उठून म्हटलं, "साहेब, असला फोन फुकट दिला तरी कोणी घेणार नाही. घरात माणूस बनियनवर बसलेला असतो. फोन उचलायला शर्ट चढवायचा काय?" अख्खा वर्ग हसला. साहेबही हसले बिचारे. हा किस्सा मी पुढे किती लग्नांत सांगितला, देव जाणे.

माझी थोरली बहीण वणीला दिलेली. लहानपणी तापात तिचे कान गेले, बोलणंही तिथंच राहिलं. शाळा नाही, म्हणून लिहिणं-वाचणं नाही. पण आम्हा दोघांची हातांची भाषा होती, घरातच तयार झालेली. कपाळावर अंगठा टेकला की आई, कारण आईचं कुंकू मोठं. नाकाखाली बोट फिरवलं की मी, मिसरूड फुटल्यापासून. त्या भाषेत ताई एवढी बडबडी की भाऊबीजेला आली की माझी बायको म्हणायची, "तुम्हा दोघांचे हात बांधून ठेवायला पाहिजेत. हाका मारून घसा बसला माझा, ताटं वाढलीत!"

आमच्या घरी फोन आला त्या दिवाळीत ताईनं तो फडक्यानं पुसला. रिंग वाजताना त्यावर तळहात ठेवून बघितला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, मलाही येईल का यावर बोलता? मी तिच्या कानाला बोट लावलं आणि हात झटकला. कान नाहीत, तर हा तुझ्या कामाचा नाही. ती हसली आणि फडकं घेऊन आत गेली.

मग वर्षानुवर्षं तिची खबर मला भाच्याकडून. "आई कशी आहे?" "बरीये, मामा." संपलं. पोरगा गुणी, पण शब्द मोजून वापरणारा. कॅमेऱ्याचे मोबाइल आले तेव्हा त्यानं विचारलंही होतं, "मामा, आईला एक घेऊ का?" मी म्हटलं, "अरे, ऐकू येत नाही तिला. आंधळ्याला आरसा देण्यातली गत!" खात्यातला मामाच असं बोलल्यावर त्यानं परत विषय काढला नाही. ती वर्षं मीच वाया घालवली, दुसऱ्या कुणी नाही.

टाळेबंदी लागली आणि दीड तासाचा वणीचा रस्ता बंद झाला. त्याच दिवसांत मेहुणे गेले. मला जाता आलं नाही. रोज फोन लावायचो, "आई कशी आहे?" "बरीये." अरे, नवरा गेलेली बाई बरी कशी असेल? पण तिचे हात मला कुठे दिसत होते! उभा जन्म ज्या फोनवर पोट भरलं, त्याचाच पहिल्यांदा राग आला.

शेवटी सून म्हणाली, "बाबा, आत्यांना व्हिडिओ कॉल का नाही करत?" ती स्वतः रोज आपल्या आईशी तसंच बोलायची, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मला एकदाही सुचलं नव्हतं.

तिनं फोन लावून हातात दिला आणि मी, सवयच ती, कानाला लावून "हॅलो, हॅलो" ओरडायला लागलो. पलीकडून भाचा म्हणाला, "मामा, आईला नुसता तुमचा कान दिसतोय!"

सुनेनं फोन घेऊन माझ्या समोर धरला. ताई होती. कपाळ मोकळं. तिनं हात उचलले ते थांबेचनात, मेहुण्यांचंच सांगत होती. त्यांनी चहा मागितला, मी आत गेले, कप घेऊन आले तर मान कललेली. हाक मारली असेल का रे त्यांनी? मला कळलं नसेल का? हेच ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती. भाच्याला कामापुरत्या खुणा येतात, हे त्याला कुठलं कळायला? इतके दिवस हे ती एकटीच मनात धरून बसली होती. मी हातांनी सांगत राहिलो, नाही गं, झोपेत गेले, तुझी चूक नाही. मी बनियनवर होतो आणि ढसाढसा रडत होतो.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. माझ्याकडे रोखून बघितलं. मग स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि हात झटकला, अगदी मी त्या दिवाळीत झटकला होता तसा. भाच्याच्या हातून फोन काढून घेतला आणि पदराखाली छातीशी धरला. मला नुसता तिच्या साडीचा अंधार दिसत राहिला. मी फोन बंद केला नाही.