एमआरटी बंद, बस फुल्ल आणि बाबांचा रुमाल

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आईला आणायला सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर गेले... आणि नेमकी त्याच दिवशी एअरपोर्टची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बंद! रुळांचं काम काढलं होतं. स्टेशनात केव्हापासून बोर्ड लागले होते म्हणे, मी रोज त्यांच्यासमोरून जाते, पण वाचतंय कोण?

जाताना मी टॅक्सीने गेले, म्हणून पत्ताच लागला नाही. येताना टॅक्सी शक्यच नव्हती. आईला छोटी गाडी लागते, दहा मिनिटांत उलटी ठरलेली. बस आणि ट्रेनमध्ये मात्र ती ठणठणीत असते. म्हणून क्वीन्सटाउनला माझ्या घरापर्यंत ट्रेनने आरामात जायचा बेत होता माझा.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून आई बार्शीच्या घरात एकटी. फोनवर 'हं', 'बरं', 'ठेवते'... संपलं. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे यायला तयार झाली, तेही पंधरा दिवसांच्या बोलीवर. आधी परतीचं तिकीट दाखव, मग बॅग भरते म्हणाली!

माझ्या मनात मात्र तीन महिने होते. तिला इथे करमावं, तिने पुन्हा पूर्वीसारखं हसावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी निदान पहिला दिवस तरी धड जायला नको का? तर स्वागतालाच ही भलीमोठी रांग.

ट्रेनऐवजी सोडलेल्या बसने पुढच्या चालू स्टेशनपर्यंत जायचं होतं. हातात पाट्या धरलेल्या माणसांनी आईचे पांढरे केस बघून तिला आधी बसमध्ये चढवलं. मी मागे दोरी बांधलेल्या दोन बॅगांशी झटापट करत राहिले. त्यात मेतकूट आहे की दगड, देव जाणे!

घामाघूम होऊन आत शिरले तर बस गच्च भरलेली. आई खिडकीशी बसली होती आणि तिच्या शेजारची सीट रिकामी... म्हणजे अगदी रिकामी नाही. सीटवर निळ्या चौकटीचा एक रुमाल पसरला होता. बाबांचा.

मी बघतच राहिले.

आमच्या लहानपणी बार्शीच्या स्टँडवर हे दृश्य ठरलेलं असायचं. सुट्टीत आत्याकडे लातूरला जायचो. बाबा म्हणजे शाळेतले एकदम मवाळ मास्तर, पण एसटी स्टँडात वळली की त्यांच्या अंगात यायचं. गाडी थांबायच्या आत पळत जाऊन खिडकीतून रुमाल आत! आई खाली बॅगा आणि आम्हा दोघी बहिणींना धरून उभी.

त्या रुमालाचा काय मान असायचा... भांडणं व्हायची, आवाज चढायचे, पण रुमाल उचलून कोणी बसायचं नाही. बाबा विजयी चेहऱ्याने खिडकीतून हात हलवायचे, 'या, या, जागा धरलीय!' जागा धरणं हे बाबांचं काम. आईने ते जन्मात कधी केलं नव्हतं.

आणि आज सिंगापूरच्या बसमध्ये तिने माझ्यासाठी जागा धरली होती. तो रुमाल ती पर्समध्ये घेऊन फिरते, हेही मला माहीत नव्हतं.

मी बॅगा सरकवत पुढे निघाले, तोवर एक उंचापुरा गोरा प्रवासी त्या सीटवर बसायला वाकला. आईने रुमालावर हात ठेवून स्वच्छ मराठीत सांगितलं, 'जागा धरलीय हो.' तो बिचारा गडबडला. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या चिनी आंटीने त्याला सुनावलं, 'चोप ऑलरेडी ला! कॅनॉट सिट!'

आई वळून आंटीकडे बघायला लागली. आंटीने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून तिला दाखवलं, रुमालाकडे बोट केलं आणि जोरजोरात मान हलवली. सेम सेम!

मी बसले आणि आईला सांगितलं. इथे हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं. मग खुशाल रांगेत जाऊन उभं राहा, तुमच्या जागेला कोणी हात लावत नाही. ह्यालाच चोप म्हणतात. सात वर्षं मी स्वतः टिश्यू ठेवतेय, पण तो स्टँडवरचा रुमाल एकदाही आठवला नव्हता मला...

आईने एकदा रुमालाकडे, एकदा आंटीच्या पाकिटाकडे बघितलं. मग 'अगं बाई, म्हणजे इथेही आपलंच!' म्हणत अशी हसली, अशी हसली... डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आठ महिन्यांनी ऐकलं मी ते हसू.

हसता हसता थांबली. रुमालाची घडी घालत हळूच म्हणाली, 'हे यांना सांगायला हवं होतं गं.'

झालं! भर बसमध्ये मी हमसून हमसून रडायला लागले.  आंटीने मागून हात पुढे केला आणि ते टिश्यूचं पाकीटच आईच्या हातात दिलं.

घरी आल्यावर आईने कपाटात काहीच लावलं नाही. पंधरा दिवसांसाठी कशाला पसारा, म्हणून बॅगेतूनच साडी काढायची, बॅगेतच ठेवायची. मीही विषय काढला नाही.

दुसऱ्या आठवड्यात खाली हॉकर सेंटरला गेलो. ट्रे घेऊन वळले तर आई खुर्चीत ऐटीत बसलेली आणि समोरच्या खुर्चीवर आंटीचं ते अर्धं संपलेलं पाकीट! मी विचारलं, 'आणि बाबांचा रुमाल?'

'धुऊन ठेवलाय,' म्हणाली. 'तुझ्या कपाटात. मधला कप्पा रिकामा केलाय मी, माझ्या साड्यांना. ते तिकीट पुढे ढकलता येतं का बघ.'

थँक्यू आंटी... तुमचं नाव विचारायचंच राहिलं.