याल्मारीचा हातमोजा

ओइवा काल्लुंकीसारखा अबोल माणूस अख्ख्या फिनलंडच्या आरमारात नव्हता. तिथं अबोलपणात केवढी चुरस असते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच यातलं मोठेपण कळेल. बायकोशी, हेल्वीशी, तो जन्मात जेवढं बोलला त्याहून जास्त जहाजावरच्या दोरखंडांशी बोलला असेल. पण अबोल माणसाचा राग तोंडावाटे निघून जात नाही. तो आत मुरतो, लोणच्यासारखा.

ओइवा 'कुइक्का' नावाच्या सुरुंग पेरणाऱ्या जहाजावर सारंग होता. डेकवरचे दोर, साखळ्या आणि खलाशी सगळे त्याच्या हुकमातले. एका हिवाळ्यात खरेदी विभागानं नवे हातमोजे पाठवले. काळे, चकचकीत, आत पाणी न शिरणारे. पाणी आत शिरत नव्हतं हे खरंच. ते बाहेरच्या बाहेर गोठायचं. जहाज धक्क्याला बांधताना ओइवाचा ओला मोजा पोलादी तारेला चिकटला, तार ताणली गेली, त्यानं हात हिसकला आणि उजव्या हाताची दोन बोटं एकेका पेरानं आखूड झाली.

चौकशी झाली. खरेदी विभागाचे प्रमुख कमांडर याल्मारी हिएतारांता यांनीच निकाल दिला: मोजा निर्दोष आहे, वापरणाऱ्यानं घाई केली.

'घाई' हा शब्द ओइवाला बोटांपेक्षा जास्त झोंबला. ज्या माणसानं हेल्वीला मागणी घालायला सात वर्षं लावली, त्याला घाईखोर म्हणायचं!

वर त्याला समुद्रावर जायला अपात्र ठरवलं. समुद्रभत्ता गेला, कोरडा पगार उरला. बंदरावरच्या सामानकोठीत बसवून त्याला काम दिलं, तेही तेच हातमोजे वाटायचं. शिवाय धक्क्यावरचा सॉना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवायचं.

"पैसे कमी आले तर चालवून घेईन," हेल्वी म्हणाली, "पण तू रोज घरी असतोस, हे नाही चालत बाई. खिडकीतून समुद्राकडे असा बघतोस, जणू मीच त्याला पळवून लावलाय."

"जाईन परत."

"कसा जाशील?"

"याल्मारी सॉनात येईल एकदा."

"मग?"

ओइवाचा त्या दिवसाचा शब्दांचा शिधा संपला होता.

दोन हिवाळे त्यानं डूख धरला. सॉनाच्या दाराशी त्यानं दोन खुंट्या ठोकल्या होत्या. एका खुंटीवर हेल्वीनं विणलेले लोकरीचे हातमोजे, दुसऱ्या खुंटीवर सरकारी काळे. रोज संध्याकाळी तो सरकारी जोडीवरची धूळ झटकायचा, देवघरातल्या मूर्तीवरची झटकावी तशी.

अखेर याल्मारी आला. त्या मोज्यांची दुसरी खेप, आता साऱ्या आरमारासाठी, घ्यायची होती, आणि सही करण्याआधी खलाशी खूश आहेत हे त्याला स्वतः पाहायचं होतं. वार गुरुवार, म्हणजे आरमारात वाटाण्याच्या सुपाचा. सुपाआधी सॉना, सॉनानंतर बर्फात कोरलेल्या भोकात बुडी. आणि सॉनाचा कायदा सगळ्यांना पाठ: कपडे उतरले की हुद्दा उतरला, आणि पुन्हा कपडे चढेपर्यंत सॉनावाल्याचा शब्द शेवटचा.

ओइवानं तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुसफुसली. याल्मारीचे कान बीटासारखे लाल झाले.

"आणखी?" ओइवानं विचारलं.

"टाक की!" याल्मारी म्हणाला. नको म्हणाला असता तर फिनिश कसला!

तिसऱ्या पाण्याला तो उठला आणि बुडी मारायला दाराशी गेला. बाहेर उणे चोवीस. सुपाचे वाडगे घेऊन 'कुइक्का'चे खलाशी, त्यांच्या कप्तानासकट, सहज म्हणून धक्क्यावर उभे होते. इतक्या थंडीत सहज कुणी उभं राहत नाही, पण याल्मारीच्या लक्षात आलं नाही.

"भोकातली शिडी लोखंडी आहे," ओइवा म्हणाला. "लोकरीचे घाल हवं तर. तुझ्या मोज्यांवर तुझाच भरवसा नसेल, तर मी कुणाला सांगणार नाही."

याल्मारीनं खलाशांकडे पाहिलं. मग ताठ मानेनं काळे मोजे उचलले, मनगटाचे पट्टे आवळले आणि पाण्यात उतरला. गळ्यापर्यंत बुडाला, शिडीचा कठडा घट्ट धरून वर आला, आणि शेवटच्या पायरीवर थांबला. उजवा हात येईना.

त्यानं ओढून पाहिलं. पट्टा गोठून लोखंड झाला होता.

"सावकाश," ओइवा म्हणाला. "घाई करू नये."

"किटली आण! गरम पाणी!"

"आहे ना. ही बघ." ओइवानं वाफाळती किटली वर धरून दाखवली आणि बाकावर बसला.

"सारंग काल्लुंकी, हा हुकूम आहे!"

"हुकूम? तुझे कपडे कुठायत?"

धक्क्यावर कुणी हसलं नाही. फक्त सूप सुर्र सुर्र करून जरा जोरात प्यायलं गेलं.

"काय पाहिजे तुला?" याल्मारीचे दात वाजत होते.

"मोजा कसा आहे?"

 याल्मारीच्या मिशीला बर्फ धरला. ओइवानं किटलीचं झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, पुन्हा लावलं. दोन वर्षं थांबलेला माणूस आणखी थांबू शकतो, हे दोघांनाही कळत होतं.

"वाईट आहे."

"कप्तानाला ऐकू गेलं नाही."

"मोजा नालायक आहे!" याल्मारी ओरडला. बंदरावरचे कावळेसुद्धा उडाले. "आणि सारंगानं घाई केली नव्हती!"

"ऐकलं," कप्तान म्हणाला, आणि उरलेलं सूप संपवलं.

मग ओइवा उठला. आखूड बोटांच्या हातानं त्यानं किटलीची धार धरली, इतकी बारीक, इतकी सावकाश, की फुलझाडाला घालतोय असं वाटावं. अंगठ्याची थोडी साल तेवढी मोज्यात राहिली.

"हळू ना रे!" याल्मारी कळवळला.

"हळूच चाललंय."

दुसऱ्या खेपेवर सही झाली नाही. वैद्यकीय मंडळाला ओइवाची बोटं एकाएकी पुरेशी लांब वाटू लागली. हेल्वीनं त्याची पेटी इतक्या चटकन भरली की त्याला थोडं वाईटच वाटलं.

मोजा मात्र कठड्यालाच राहिला, पाची बोटं आवळून. तो काढायला ओइवानं कुणाला हात लावू दिला नाही. जाता-येता खलाशी त्याला कडक सलाम ठोकत. एप्रिलात ऊन पडलं, तेव्हा तो सैल होऊन टपकन पाण्यात पडला. 'कुइक्का' तेव्हाच धक्का सोडत होती. डेकवर लोकरीच्या मोज्यांत ओइवा उभा होता. मोजा बुडेपर्यंत त्यानं पाहिलं, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला,

"पोहता पण येत नाही त्याला."