आधी टोपी काढा!

ठासणीची बंदूक घरात असली की किस्से मागावे लागत नाहीत, आपोआप साठतात. केळशीच्या वरच्या अंगाला, अठ्ठ्याण्णव सालच्या सुमारास, डुकरं हाकायला आम्हा तिघांकडे परवान्याच्या बंदुका होत्या: आंबावाले अण्णा, भातवाला बापू आणि मी, शाळामास्तर. साहजिकच नियम मी करायचो!

*

घोड्याखाली बसवायची तांब्याची टोपी टिकलीएवढी. तिच्यावर घोडा पडला की बार उडतो. अण्णा या टोप्या सुपारीच्या डबीत ठेवत. मुंबईच्या व्याह्यांनी पानाबरोबर एक तोंडात टाकली. "अण्णा, तुमची सुपारी भारीच कडक हो!"

तेव्हापासून पहिला नियम, टोप्यांना वेगळी डबी.

*

बंदूक भरलेली आहे का, हे नळीत गज टाकून कळतं. रिकामी असेल तर गज पूर्ण आत जातो, भरलेली असेल तर चार बोटं वर राहतो. हे मी अण्णांच्या काकूंना शिकवलं आणि पस्तावलो. परवाना तपासायला आलेले हवालदार अण्णांची बंदूक घेऊन पडवीत चढले, तर काकू दारात आडव्या!

"आधी गज टाका, मग चहा!"

हवालदारांनी मुकाट्याने गज टाकला.

*

गडगा, म्हणजे शेताभोवतीची रचीव दगडांची भिंत, ओलांडताना टोपी काढायची, हा माझा सगळ्यात लाडका नियम. बापू तो इमानाने पाळायचा. एकदा तो गडग्यावर चढला, टोपी काढली आणि पलीकडे डुक्कर उभा! टोपी पुन्हा बसवेपर्यंत डुक्कर पसार.

"मास्तर, डुक्कर ग्येला, पन तुमचा नियम ऱ्हायला!"

*

पुढचं सांगताना आजही लाज वाटते. त्या सकाळी घाई होती म्हणून मी टोपी न काढताच गडगा चढलो. करवंदीच्या फांदीत घोडा अडकला, सुटला, आणि बार बापूच्या डाव्या कानाजवळून गेला. छर्रा लागला नाही, पण तो कान कायमचा बहिरा झाला.

बापूने कान दाबून धरत आपली बंदूक आभाळात झाडली.

"माज्या हातून उडाली म्हनून सांगतो. तुमची नोकरी हाय, मास्तर."

हवालदार आले, त्याने तसंच सांगितलं. मी गप्प राहिलो. बापूचा परवाना गेला आणि त्या वर्षीचं त्याचं भात डुकरांनी खाल्लं.

*

पुढच्या हंगामाआधी हवालदारांनी गावातल्या सगळ्यांना शाळेत बोलावलं. "मास्तर, नियम तुम्हीच सांगा."

मी सांगितले. डबी, गज, गडगा, सगळे.

"अहो, बापूचं उदाहरण द्या की!" हवालदार म्हणाले.

मी दिलं. "निष्काळजीपणा केला की असं होतं," हेसुद्धा म्हणालो.

बापू पहिल्याच बाकावर होता. तो हसला, बसल्या जागी जरा वळला आणि डावा कान माझ्याकडे करून ऐकत राहिला.