खातूनबीचं नाव

आमच्या वरवट गावात एके काळी पाच-सहा बागवान होते, आणि त्यांतला एकही मुसलमान नव्हता. बागवान हे खरं तर खातूनबीच्या घराचं आडनाव. नदीकाठी त्यांची जांबाची बाग होती. तुमच्या पुण्यामुंबईकडे जांबाला पेरू म्हणतात. बाजारच्या दिवशी ती टोपली मांडून बसे आणि मध्येच खणखणीत हाक घाली, "ए बागवान!" की कुणब्याची, तेल्याची, सुताराची आम्ही सगळी पोट्टी चारी बाजूंनी धावत सुटायचो. ती पोट धरधरून हसे. "एकाले बोलावलं तं पलटन आली, बाप्पा!" म्हणे आणि प्रत्येकाच्या हातावर एक जांब ठेवी. गिऱ्हाइकानं फळ दाबून पाहिलं की मात्र ती उखडायची. "हात लाव, जोर नोको लावू. दाबून पाह्यलं का सडते."

मी त्या पलटणीतला पहिला. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली होती. थोरल्याचं नाव रामचंद्र. देवाच्या नावावर सटवाईची नजर लवकर पडते असं कोणी सांगितलं, म्हणून दुसऱ्याचं नाव दगडू ठेवलं, तिसऱ्याचं केरबा. दगडही राहिला नाही, केरही राहिला नाही. तेव्हा राज्य नागपूरहून चालायचं, मोठा दवाखाना पार घाटावर बुलढाण्याला, आणि आमच्या गावात औषध म्हणजे ओवा, हिंग आणि अंगारा. मी झालो तेव्हा आईनं मला पाजायचंच टाकलं होतं. "कायले जीव लावू?" एवढंच म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून पडे.

खातूनबीची सातही मुलं जगलेली. ती जांब घेऊन दारावर आली, तशी आई बाजेवरून उठली आणि मला तिच्या पायांवर ठेवलं. "बी, हा तुमचा. माह्याजवळ कोणी राहत नाही."

खातूनबीनं टोपली खाली उतरवली. मग तिनं मला उचलून टोपलीत, जांबांच्या मधोमध ठेवलं, टोपली डोक्यावर घेऊन अंगणात फेरी मारली आणि आईच्या ओटीत एक जांब टाकला. "पोट्टा मी घेतला, जांब तुले देल्ला. आता हा बागवान. माह्याच आहे, तू फकत दूध पाज." आईनं मला तिथल्या तिथे पदराखाली घेतलं. माझी आजी पुढे म्हणायची, नावानं नाही रे, दुधानं जगलास तू. मला ते पटतं.

आईला मात्र ते नाव म्हणजेच माझा जीव. शाळेत नवे मास्तर आले, त्यांनी 'बागवान' हा खेडवळ उच्चार समजून मला 'भगवान' करून टाकलं. मी घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. आई पिठाच्या हातांनीच शाळेत गेली. "मास्तर, खोडा ते! देवाची पोरं देव घेऊन जाते!" तिचा चेहरा पाहून मास्तरांनी मुकाट्यानं खोडलं.

मी जगलो आणि नावाला भाव आला. ज्यांची पोरं जात त्या बाया आसपासच्या गावांतून पायी येऊ लागल्या. एकीच्या कडेवरचं लेकरू तर तापानं फणफणलेलं होतं. खातूनबीनं कोणालाच रिकाम्या ओटीनं पाठवलं नाही. गंमत अशी की तिचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "नावात का जान असते वं? जान देणारा वरे बसला," असं ती आईला सांगे. "पण बाई रडत आली तं तिले काऊन वापस धाडू? एका जांबात तिचं रडणं थांबते."

मी आठेक वर्षांचा असेन. तिचा नातू युसूफ मुदतीच्या तापानं पडला. धाकट्या लेकाला फार उशिरा झालेलं एकुलतं एक लेकरू. आमच्यात विटीदांडू खेळायचा आणि "खरा बागवान मी, तुम्ही सारे नकली बे!" म्हणून भांडायचा. हकीम झाला, शेगावहून डॉक्टर आणून झाला. ताप हटेना. शेवटी सून हलीमा भरल्या अंगणात सासूवर ओरडली, "अम्मा, तुमने सब बांट दिया! घर के वास्ते क्या रक्खा?"

त्या दुपारी खातूनबी रिकामी टोपली घेऊन गावात निघाली. ज्या ज्या दारात जांब दिला होता, त्या त्या दारात उभी राहिली. जे ती कधी मानत नव्हती, ते नावच परत मागत फिरली. तेल्याच्या बाईनं रडत रडत टोपलीत जांब टाकला आणि संध्याकाळपासून आपल्या पोराला गणपत म्हणू लागली. मग आमचं घर. आईनं तिला बोळातून येताना पाहिलं, मला आत ओढलं आणि कडी लावली.

"वच्छे, दार उघड. एक जांब दे वं. एकच."

घरात जांब होते, तिच्याच बागेतले. आईनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता.

"युसूफ बरा झाला का वापस आणून देतो. अल्ला कसम! वच्छे, तू मले पोट्टा देल्ला होता, मी तुह्याजवळच राहू देल्ला ना वं?"

आई आवाज न करता हमसून हमसून रडत होती. पण कडी काही तिनं काढली नाही. बऱ्याच वेळानं बाहेरची पावलं वाजली आणि दूर गेली. मला आईचा राग आला. आजही येतो, आणि लगेच न पाहिलेले ते तीन भाऊ आठवतात. मग काय बोलणार, कपाळ!

दुसऱ्या दिवशी युसूफ गेला.

काही दिवसांनी आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली. पदरात जांब होता. खातूनबी ओसरीवर बसली होती, शेजारी टोपली पालथी. आईनं जांब तिच्या पुढ्यात ठेवला आणि पायांवर डोकं टेकलं. "घ्या बी, तुमचं नाव घ्या. मी चांडाळीण आहो."

खातूनबीनं जांब उचलला आणि जन्मभर जे कोणाला करू दिलं नाही ते केलं. दाबून पाहिला. इतका, की तो तिच्या मुठीत फुटला.

"आता घेऊन कोणाले हाक मारू वं?" ती म्हणाली.

नाव माझ्याकडेच राहिलं. त्यानंतर गावात कोणी बागवान नाव ठेवलं नाही. खातूनबी पुढेही बाजारात बसायची, पण ती हाक काही पुन्हा ऐकू आली नाही. मी मुद्दाम टोपलीसमोरून जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. ती माझ्याकडे पाही, हातावर एक जांब ठेवी आणि मान खाली घालून म्हणे, "घे, बापू."