शहाळेवालीचे अक्षांश-रेखांश

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या एका कंपनीत मी नकाशाच्या ॲपचं काम बघायचो. बाहेरच्या डेव्हलपरांसाठी नमुन्याचा कोड लिहिताना एक ठिकाण हवं होतं, म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या शहाळेवालीच्या गाडीचे अक्षांश-रेखांश टाकले. अनेकांनी ते न बदलताच आपापली ॲप चालू केली. पत्ता सापडला नाही की ती ॲप नमुन्यातलं तेच ठिकाण दाखवायची; मग असं प्रत्येक पार्सल तिच्या गाडीशी येऊ लागलं.

ती तीन घावांत शहाळं सोलायची आणि आलेल्या डिलिव्हरीवाल्याला कोयत्यानंच रस्ता दाखवायची.

“सार, चुकलेली सगळी माणसं माझ्याकडेच का येतात? तुम्ही फोनवाले ना? विचारा की कोणाला तरी.”

“विचारतो, अम्मा,” म्हणून मी मलई मागितली.

आमच्या सर्व्हरवर ते ठिकाण नाकारणं पाच मिनिटांचं काम होतं; पण मीटिंगमध्ये चूक कबूल करावी लागली असती. शेवटी मोटारसायकलींची गर्दी होते म्हणून पोलिसांनी तिची गाडी हटवली. त्या दुपारी मी ते पाच मिनिटांचं काम केलं.

संध्याकाळी खाली उतरलो. ती कुठे गेली, हे कोणालाच सांगता येईना. जिन्यात दोनदा घोकलेलं तमिळ वाक्य अजून पाठ आहे: अम्मा, ती माणसं मीच तुमच्याकडे पाठवत होतो, मला माफ करा.